सिसेरो की किकेरो? उत्तर मोरोक्कोच्या हरभऱ्यात

आजची गोष्ट हरभऱ्यापासून सुरू होते.

रोमचा नामांकित वक्ता सिसेरो. त्याच्या घराण्याचं नाव हरभऱ्याच्या लॅटिन शब्दावरून पडलं. इटालियनमध्ये आज हरभऱ्याला 'चेचे' म्हणतात. मग रोमन लोक स्वतः काय म्हणत? ग्रीक लेखक सिसेरोचं नाव 'किकेरॉन' असं लिहीत. म्हणजे उच्चार 'क' होता. याचा दुसरा साक्षीदार दक्षिण मोरोक्कोत भेटतो. तिथल्या ताशल्हित भाषेत हरभरा म्हणजे 'इकिकेर'!

ताशल्हित ही बर्बर भाषांपैकी एक. इ.स.पू. 146 मध्ये रोमने कार्थेज उद्ध्वस्त केलं आणि पुढची काही शतकं उत्तर आफ्रिकेवर रोमचा अंमल राहिला. शेती, बाजार, चर्च यांच्यासोबत लॅटिन शब्द बर्बर घरांत शिरले. ह्यूगो शुखार्ट या भाषाशास्त्रज्ञाने 1918 साली अशा शब्दांवर अख्खा ग्रंथच लिहिला.

आता गंमत बघा. बर्बर भाषांत मुळात 'प' नाही. म्हणून लॅटिन 'पुल्लुस', म्हणजे पिल्लू, याचा झाला 'अफुल्लुस', कोंबडा. स्त्रीलिंगाला पुढे-मागे 'त' लागतो, म्हणून कोंबडी झाली 'ताफुल्लुस्त'. आपण नाही का पोर्तुगीज 'बाल्दे'ची 'बादली' केली, तसंच! पण शेवटचा 'उस' मात्र त्यांनी सोडला नाही. इटालियन 'पोल्लो'मध्ये तो केव्हाच गळालाय.

सातव्या शतकात अरब आले, इस्लाम आला. बाराव्या शतकात अल्-इद्रिसी हा भूगोलकार लिहितो, की ट्युनिशियातल्या गाफ्सात लोक अजून आफ्रिकी लॅटिन बोलतात. पुढे तीही विझली. शब्द मात्र टिकले. ईस्टरचा 'पास्खा' हा 'ताफास्का' होऊन आज बकरी ईदचं नाव आहे. आणि 'यानुआरिउस' महिन्याचा झालाय 'येन्नायर'. याच नावाच्या नववर्षाच्या सणाला अल्जीरियाने 2018 पासून राष्ट्रीय सुट्टी दिली.

हे लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात. 'बर्बर' हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव. त्याच्या मुळाशी आहे ग्रीक-रोमनांचा शब्द: ज्यांचं बोलणं कळत नाही ते, रानटी. पण रोमची भाषा इटलीत बदलत गेली, तेव्हा तिचे जुने उच्चार जपले ते याच 'रानटी' म्हटलेल्यांनी. शेतात, खुराड्यात, कुणी न सांगता.

तेव्हा एखाद्या बोलीला गावंढळ म्हणण्याआधी जरा थांबा. भेटू पुढच्या भागात!