गव्हाचा ताप

गव्हाला हात न लावता त्याचा ताप मोजायची युक्ती पैदासकारांची नव्हे, पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांची. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या जलसंधारण प्रयोगशाळेत जॅक्सन, रेजिनॅटो आणि इड्सो यांना ओलिताची वेळ ठरवायची होती. पानावरच्या रंध्रांतून वाफ जात असते तोवर पान थंड राहते. मुळांना पाणी पुरेनासे झाले की रंध्रे मिटतात आणि पान तापते. पीक आणि हवा यांच्या तापमानातला फरक भर दुपारी अवरक्त तापमापीने टिपावा आणि त्यावरून पाणी द्यावे, असे त्यांनी १९७७ मध्ये मांडले. प्रयोगाला पीक होते गव्हाचेच.

इस्रायलच्या अब्राहम ब्लूम यांनी हेच यंत्र वाणांवर रोखले. एकाच कोरड्या रानात एक वाण तापतो आणि शेजारचा तापत नाही, तर त्या दुसऱ्याला कुठून तरी ओल मिळत असणार! १९८२ मध्ये त्यांनी ही तापमापी निवडीचे साधन म्हणून पुढे आणली.

खरी गंमत मेक्सिकोत आहे. सोनोरातले याकी खोरे ही गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांची कर्मभूमी. १९६२ ते १९८८ या काळात आलेले आठ बुटके वाण तिथे एकत्र पेरून तपासले गेले आणि निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. उत्पादन २७ टक्क्यांनी वाढले होते आणि नव्या वाणांचे पीक जुन्यांपेक्षा ०.६ अंशाने थंड निघाले. हा थंडावा कुणी मागितला नव्हता. निवड होत होती ती उत्पादन आणि रोगप्रतिकार पाहून.

पुढे मेक्सिकोतच लोपेस आणि रेनॉल्ड्स यांनी २०१० मध्ये दाखवले, की दुष्काळात थंड राहणाऱ्या गव्हाची मुळे खोल गेलेली असतात. शेकडो वाणांची मुळे खणून कोण पाहणार? तापमापीला काही सेकंद पुरतात. अर्थात तिचेही नखरे आहेत. ढग आले, वारा सुटला, हवा दमट झाली की वाणांमधला फरक पुसट होतो. पीक विरळ असेल तर ती मातीचाच ताप सांगते.

शिवाय थंड गहू पाण्याच्या बाबतीत उधळ्या असतो. खाली ओलच नसेल तर खोल मुळे काय करणार? ऑस्ट्रेलियात फार्कर आणि रिचर्ड्स यांनी म्हणून काटकसर शोधली. पाण्याच्या थेंबामागे जास्त कर्ब बांधणारे वाण कर्बाच्या समस्थानिकांवरून ओळखता येतात, हे त्यांनी १९८४ मध्ये गव्हावर दाखवले. त्या कसोटीवर निवडलेला ‘ड्राइसडेल’ हा वाण २००२ मध्ये बाजारात आला.