मेलेला गडी परत येत नाही

१९ नोव्हेंबर २०१५ : कॅनडातील माँट्रियलच्या ‘रोग फॅक्टर’ या स्टुडिओचा ‘मॉर्डहाइम: सिटी ऑफ द डॅम्ड’ हा व्हिडिओ गेम संगणकावर दाखल झाला. ब्रिटनच्या ‘गेम्स वर्कशॉप’ने १९९९मध्ये काढलेला पटावरचा युद्धखेळ त्यातून पडद्यावर उतरला. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेल्या शहरात छोट्या टोळ्या जादुई दगडांसाठी आळीपाळीने चाली करत भिडल्या.

हरलो तर पुन्हा पहिल्यापासून, ही गेमची सवय त्याने मोडली, आणि त्याचे खरे मोल इथेच आहे. हात तुटलेल्या गड्याला पुढच्या लढाईत दोन हातांचे शस्त्र पेलत नाही. मेलेला तर कायमचा गेला. त्यामुळे हल्ल्याइतकेच वेळेवर माघार घेणेही शिकावे लागते. सुरुंगाने पडलेले खिंडार रातोरात बुजवून मोगलांना थोपवणारी, पण १५९६मध्ये वऱ्हाड सोडून अहमदनगर राखणारी चांदबिबी ज्यांना ठाऊक आहे, त्या नगरकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. झटपट बोटे चालवण्याच्या खेळांच्या गर्दीत विचाराला एवढा वेळ देणारे खेळ आजही थोडेच. याच स्टुडिओने २०२०मध्ये ‘नेक्रोमुंडा’ हा आणखी एक पटावरचा खेळ पडद्यावर आणला.