ध्रुवीय रात्र आणि सामी मुलांचं मन

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य मावळतो, तो थेट जानेवारीच्या मध्यावर पुन्हा दिसतो. मधले सहा-सात आठवडे दुपारी थोडा निळसर उजेड पडतो, बाकी सगळा अंधार. इथं वाढणाऱ्या मुलांचं मन कसं असेल, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो आणि त्याचं उत्तरही त्याच्याकडे तयार असतं. अंधार, बर्फ, एकाकीपणा, मग नैराश्य येणारच.

पण त्याच गावात, त्याच शाळेत, त्याच अंधारात दोन समाजांची मुलं वाढत असतात. एक बहुसंख्य नॉर्वेजियन समाजाची, दुसरी तिथल्या मूलनिवासी सामी समाजाची. हवामान दोघांना सारखंच आहे. इतिहास मात्र सारखा नाही. सामी मुलांच्या आजी-आजोबांना शाळेत स्वतःची भाषा बोलायला बंदी होती. अशा इतिहासाचं ओझं नातवंडांच्या मनावर किती उरतं, हे गेल्या तीसेक वर्षांत तिथल्या संशोधकांनी तपासून पाहिलं. त्यांच्या हाती जे लागलं, ते अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं होतं. ते समजून घ्यायचं तर आधी दीडशे वर्षं मागं जावं लागेल.

चार देशांत विभागलेला समाज

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प मिळून जो प्रदेश होतो, त्याला सामी लोक ‘साप्मी’ म्हणतात. या देशांच्या सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून ते इथं राहतात. त्यांची संख्या साधारण ८० हजार ते १ लाख असावी, असा अंदाज दिला जातो. त्यातले सर्वाधिक नॉर्वेत आहेत. सामी म्हटलं की रेनडिअरचे कळप पाळणारा माणूस डोळ्यांपुढं येतो. प्रत्यक्षात बहुतेक सामी किनाऱ्यावर मासेमारी, थोडी शेती किंवा इतर कामं करत आले आहेत. कळप पाळणारे त्यांच्यात अल्पसंख्यच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नॉर्वेच्या राज्यकर्त्यांनी ठरवलं की देश एक, तर भाषा एक, संस्कृतीही एक. १८५१ साली संसदेने त्यासाठी स्वतंत्र निधी उभा केला. सामी आणि फिनिश वंशाच्या क्वेन मुलांना नॉर्वेजियन शिकवणाऱ्या शिक्षकांना त्यातून जादा पैसे मिळू लागले. सुरुवातीला धोरण थोडं मवाळ होतं, नंतर ते कडक होत गेलं. १८८० आणि १८९८ च्या आदेशांनी सामी भाषेला वर्गाबाहेर काढलं. अगदीच गरज पडली तर समजावण्यापुरती ती वापरायची, एवढीच मुभा उरली. १९०२ च्या जमीन कायद्याने आणि त्याच्या नियमांनी तर फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यायला नॉर्वेजियन लिहिता-वाचता येण्याची अट घातली. म्हणजे भाषा सोडा, तरच पायाखालची जमीन तुमची.

काउतोकेइनोचा उठाव

या धोरणाच्या सुरुवातीच्याच काळात एक मोठा स्फोट झाला. लार्स लेवी लेस्टाडियस नावाच्या धर्मोपदेशकाने सामी वस्त्यांत दारूविरोधी धार्मिक चळवळ उभी केली होती. तिच्या प्रभावाखालच्या लोकांनी ८ नोव्हेंबर १८५२ रोजी काउतोकेइनो गावात उठाव केला. दारू विकणारा व्यापारी आणि स्थानिक पोलीस अधिकारी ठार झाले, पाद्रीला चाबकाचे फटके बसले. अस्लाक हेट्टा आणि मोन्स सोम्बी या दोघांचा १८५४ साली शिरच्छेद करण्यात आला. त्यांची मुंडकी अभ्यासासाठी राजधानीतल्या विद्यापीठाकडे गेली. तिथून परत येऊन त्यांचं दफन व्हायला १९९७ साल उजाडलं.

उठावात लार्स हेट्टा नावाचा अठरा वर्षांचा मुलगाही होता. कोवळ्या वयामुळे त्याची फाशी टळली आणि तुरुंगवास मिळाला. तुरुंगात त्याने बायबलच्या सामी अनुवादाचं काम केलं. सरकार जी भाषा शाळेतून पुसायला निघालं होतं, तीच एक कैदी मुलगा सरकारच्याच कोठडीत बसून लिहीत होता.

वसतिगृहं आणि घरातलं मौन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनमार्कमध्ये सरकारी वसतिगृहशाळा उभ्या राहू लागल्या. वस्त्या दूरदूर, रस्ते नाहीत, त्यामुळे मुलांना वसतिगृहात ठेवणं सोयीचं, असा युक्तिवाद होता. सोयीबरोबर हेतूही होता. सात वर्षांचं मूल आई-वडिलांपासून दूर, न समजणाऱ्या भाषेत शिकायला बसायचं. वर्गात काय चाललंय ते कळायचं नाही आणि न कळण्याला मंदपणा म्हटलं जायचं. हीच मुलं मोठी होऊन पालक झाली, तेव्हा अनेकांनी ठरवलं की आपल्या मुलांवर ही वेळ येऊ द्यायची नाही. ते मुलांशी घरातही नॉर्वेजियन बोलू लागले. सामी बोलायचे ते फक्त मोठ्यांशी, मुलं झोपल्यावर.

दुसऱ्या महायुद्धाने उरलंसुरलं नेलं. १९४४ च्या हिवाळ्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्स जाळून टाकलं. हजारो लोकांना जबरदस्तीने दक्षिणेकडे हलवण्यात आलं. परतल्यावर नवी घरं मिळाली ती एकसारख्या नॉर्वेजियन नमुन्याची. किनाऱ्यावरच्या कितीतरी कुटुंबांनी याच काळात आपण सामी आहोत हे सांगणं सोडून दिलं. पुढं अनेकांना आपली आजी सामी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कळलं.

शेजारच्या स्वीडनने उलटी वाट धरली होती. तिथलं धोरण म्हणजे ‘लॅप हा लॅपच राहिला पाहिजे’. लॅप हा सामींसाठी वापरला जाणारा तुच्छतेचा शब्द. १९१३ पासून कळप पाळणाऱ्यांच्या मुलांना वेगळ्या ‘भटक्या शाळांत’ घातलं गेलं. तंबूसारख्या झोपड्यांत जुजबी शिक्षण, कारण जास्त शिकली तर ती सुधारलेल्या जीवनाला लालचावतील! इतर सामींना मात्र सामी मानायलाच नकार. १९२२ साली उपसाला इथं सरकारी वंशजीवशास्त्र संस्था निघाली. तिचा प्रमुख हर्मन लुंडबोर्ग आणि त्याचे सहकारी सामींच्या कवट्या मोजत, त्यांचे नग्न फोटो काढत फिरले. शाळकरी मुलंही त्यातून सुटली नाहीत. एका देशाने सांगितलं, आमच्यासारखे व्हा. दुसऱ्याने सांगितलं, आमच्यासारखे होऊ नका. मुलाच्या मनापर्यंत दोन्हींचा अर्थ एकच पोचला, की तू जसा आहेस तसा कमी आहेस.

आल्ता नदी

सामींचा राजकीय लढा जुना आहे. एल्सा लाउला रेनबर्ग यांच्या पुढाकाराने ६ फेब्रुवारी १९१७ रोजी ट्रोन्हाइममध्ये पहिलं मोठं सामी संमेलन भरलं होतं. पण देशाला हलवलं ते आल्ता नदीवरच्या धरणाने. मूळ आराखड्यात मासी हे सामी गाव पाण्याखाली जाणार होतं. गाव वाचलं तरी प्रकल्प राहिला. ऑक्टोबर १९७९ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत संसदेसमोर पारंपरिक तंबू ठोकून उपोषण केलं. जानेवारी १९८१ मध्ये साखळदंडांनी स्वतःला बांधून घेतलेल्या आंदोलकांना हटवायला सुमारे ६०० पोलीस उत्तरेत पाठवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकाल सरकारच्या बाजूने दिला आणि धरण झालं.

धरणाची लढाई हरली, पण सामींचा प्रश्न आता टाळता येईना. १९८७ साली सामी कायदा आला, १९८८ मध्ये राज्यघटनेत सामी भाषा आणि संस्कृतीच्या रक्षणाचं कलम आलं, १९८९ मध्ये कारास्योक इथं निवडून आलेली सामी संसद सुरू झाली. १९९७ साली सामी भागातल्या शाळांना स्वतंत्र सामी अभ्यासक्रम मिळाला. त्याच वर्षी राजे हाराल्ड यांनी सामी संसदेत, सक्तीच्या नॉर्वेजियनीकरणाने झालेल्या अन्यायाबद्दल माफी मागितली.

मुलांना विचारल्यावर

मुलांच्या मनाची मोजणी या बदलांनंतरची आहे. सीव क्वेर्नमो या ट्रोम्सो विद्यापीठातल्या बालमानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून उत्तर नॉर्वेतल्या किशोरांचे अभ्यास केले. २००३ ते २००५ दरम्यान तिन्ही उत्तर प्रांतांतल्या दहावीच्या मुलांना प्रश्नावली दिली गेली. जवळपास ४,९०० मुलांनी ती भरली. त्यात दर दहांतलं साधारण एक मूल सामी होतं. ही पंधरा-सोळा वर्षांची मुलं जन्मली होती १९८७ ते १९८९ च्या सुमारास. म्हणजे नेमकी सामी कायदा, घटनेतलं कलम आणि सामी संसद यांच्यासोबत.

कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या मूलनिवासी तरुणांतलं आत्महत्येचं प्रमाण पाहता, सामी मुलांची अवस्थाही वाईट निघेल अशी भीती होती. पण चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांत सामी आणि बिगरसामी मुलांत मोठा फरक दिसला नाही. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या मध्यात उत्तरेतल्या किशोरांना आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल विचारलं होतं. तिथंही दोन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखं, दहा टक्क्यांच्या आसपास होतं. आकडा दोन्हीकडे काळजीचाच आहे, पण तो वंशाप्रमाणे बदलत नव्हता. दारू पिण्याचं प्रमाण तर सामी मुलांत कमी निघालं. संशोधकांनी त्याचा संबंध लेस्टाडियसच्या चळवळीशी जोडला. दीडशे वर्षांपूर्वीचा तो दारूविरोध अजून काही घरांत टिकून आहे.

फरक दिसला तो दुसरीकडे. वंशावरून वाईट वागणूक मिळाल्याचं सामी मुलांनी अधिक सांगितलं आणि ज्यांना ती मिळाली, त्यांच्यात चिंता-नैराश्याची लक्षणं अधिक होती. म्हणजे सामी असणं हा आजार नाही. सामी असण्यावरून हिणवलं जाणं हा धोका आहे. दोन वाक्यांत अंतर थोडं दिसतं, पण पहिल्या समजुतीवर उपसालाची संस्था उभी होती आणि दुसऱ्या समजुतीवर माणसाचे हक्क उभे राहतात.

सरासरीच्या आड

तरीही सरासरीवर समाधान मानणं धोक्याचं आहे. आन सिल्विकेन आणि सहकाऱ्यांनी १९७० ते १९९८ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उत्तर नॉर्वेतल्या सामींमध्ये आत्महत्येचा धोका त्या भागातल्या इतरांपेक्षा काहीसा जास्त आढळला आणि तरुण वयोगटात तो अधिक ठळक होता. स्वीडनमधल्या तरुण सामींच्या अभ्यासात आत्महत्येचे विचार स्वीडिश समवयस्कांपेक्षा जास्त दिसले. तिथल्या जवळपास निम्म्या तरुणांनी सामी असल्यावरून वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं आणि त्यांची मानसिक अवस्था इतरांहून वाईट होती.

शिवाय प्रश्नावलीत सगळं उतरतं असंही नाही. सामी भाषेत ‘बिरगेत’ असा शब्द आहे. निभावून नेणं, आपलं आपण सावरणं, असा त्याचा अर्थ. बर्फात कळपामागं जाणाऱ्या समाजात हा गुण लहानपणापासून घोटवला जातो. मूल कणखर होतं, स्वतंत्र होतं. पण जे दुःख एकट्याने निभवायचं नसतं, तेही ते गिळून टाकू शकतं. अशा मुलासमोर डॉक्टर त्याची भाषा आणि त्याच्या घरची रीत जाणणारा असेल, तर फरक पडतो. कारास्योकमधलं सामी मानसिक आरोग्य केंद्र याच विचाराने चालतं. २०१७ साली या केंद्राने आणि सामी परिषदेने मिळून सामींमधल्या आत्महत्या रोखण्यासाठी आराखडा मांडला. त्यात औषधोपचाराबरोबर भेदभाव आणि हिंसा रोखणं, सामी ओळख बळकट करणं यांनाही जागा आहे.

कायदे झाले म्हणूनच मुलं सावरली, असं या पाहण्यांवरून सिद्ध होत नाही. कुटुंबाचा आधार, शाळा, मित्र, घरची मिळकत, सगळंच मनावर परिणाम करतं. पण एवढं नक्की म्हणता येतं, की आजोबांवरचा अन्याय म्हणजे नातवाचं विधिलिखित नव्हे. मधल्या पिढीने लढून भाषा शाळेत परत आणली, स्वतःची संसद मिळवली. अशा समाजाचं मूल बहुसंख्यांच्या मुलाइतकंच निरोगी मन घेऊन वाढू शकतं.

हा लढा संपलेला नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोसेन इथल्या पवनचक्क्यांमुळे सामी पशुपालकांच्या हक्कांवर गदा आल्याचा निकाल दिला. पवनचक्क्या मात्र फिरतच राहिल्या. पाचशे दिवस उलटल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुण-तरुणींनी ऑस्लोत मंत्रालयात ठाण मांडलं. त्याच वर्षी जूनमध्ये सत्य आणि सलोखा आयोगाने नॉर्वेजियनीकरणाचा अहवाल संसदेला दिला आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी संसदेने सामी, क्वेन आणि वनफिन समाजांची औपचारिक माफी मागितली.

कुठल्याही अल्पसंख्य समाजाची मुलं खचलेली दिसली की लोक त्यांच्या घरात, धर्मात, रक्तात किंवा हवामानात कारणं शोधू लागतात. उत्तर नॉर्वेतल्या मुलांनी दिलेली उत्तरं त्या शोधाची दिशा बदलायला सांगतात. त्या मुलाला शाळेत कोण काय म्हणतं, त्याची भाषा फळ्यावर येते की नाही आणि त्याच्या बापाची जमीन कोण ठरवतं, हे आधी विचारायला हवं. ध्रुवावरची रात्र जानेवारीत आपोआप संपते. माणसांनी केलेली रात्र संपवायला मात्र कायदा लागतो, लढा लागतो आणि रोजच्या वागण्यातला आदर लागतो.