जोडहोडीचा तोल

श्रोतेहो, कोकणात होडीला उलांडी बांधतात ती कशासाठी? तोलासाठी! जोडहोडीचे, म्हणजे कॅटमरानचे, मर्मही तेच. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत हेरेशॉफ यांची 'अमॅरिलिस' ही जोडहोडी सर्वांच्या पुढे गेली. इतरांनी तक्रार केली आणि ती बाद ठरली! पुढे १९०९ च्या सुमारास एव्हिन्रूड यांची होडीमागे टांगायची मोटर आली, वेग वाढला.

दोन्ही होड्या एकमेकींपासून दूर, म्हणून ती सहसा कुशीवर कलंडत नाही. पण भरधाव वेगात मधल्या पोकळीत शिरलेला वारा नाळ वर उचलतो. फार उचलली की होडी मागे उलटते. म्हणून वजन नीट वाटावे, लाटांत वेग आवरावा, इंजिन थांबवणारी दोरी चालकाने अंगाला अडकवावी. रुंदी म्हणजे अभय नव्हे, बरं का!