मिनिटाला हजार फूट

आधी नाकाने पोचा, पाय मागून येतील. घ्या श्वास. ओळखलंत? एरंडेल! लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं तेच. इथली माणसं ते रेसच्या इंजिनात ओततात, कारण भयंकर उष्णतेतही ते लोखंडाला धरून राहतं. जळलं की त्याचा असा गोडसर, उग्र धूर होतो. दिवसभर हा वास तुमच्या कोटाला चिकटून राहणार आहे.

आता पायाखाली बघा. काँक्रीट, शंभर फूट रुंद. समोर तेच काँक्रीट भिंतीसारखं वर चढत जातं, दोन मजली घराएवढं, आणि वळून दिसेनासं होतं. हे इंग्लंडमधलं ब्रुकलँड्स, शनिवार, 15 फेब्रुवारी 1913. शर्यतीच्या दिवशी इथे बुकी घसा फोडत असतात, बायकांच्या टोप्यांवरची पिसं गर्दीत अडकतात. आज मात्र शर्यत नाही. घड्याळवाले, मेकॅनिक, थोडे हौशी आणि बोटं बधिर करणारी थंडी. हात खिशात घालू नका, कुणीतरी त्यात तेलकट चिंधी कोंबेल. घ्या, कोंबलीच.

समोरची अरुंद गाडी टॅलबॉट. एकट्याच्याच बेताची, त्यामुळे तुम्हाला जागा नाही. आत बसतोय तो पर्सी लँबर्ट. तासाभरात शंभर मैल! आजवर कुणाला जमलेलं नाही. आणि गाडी केवढ्या ताकदीची? कागदोपत्री पंचवीस अश्वशक्तीची.

ह्या पंचविसाची गंमत ऐका. इंग्लंडात मोटारीवर कर बसतो तो अश्वशक्तीवर, आणि अश्वशक्ती मोजायची तर इंजिन सुरूसुद्धा करावं लागत नाही. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा, अडीचने भागा. इथे व्यास जेमतेम चार इंच, सिलिंडर चार. चौसष्ट भागिले अडीच, झाले साडेपंचवीस. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, किती, फेरे किती, कुणी विचारत नाही. सूत्र बांधणाऱ्यांनी धरूनच ठेवलंय की पिस्टन कुठलाही असो, मिनिटाला सरासरी हजार फूटच धावणार. जणू शाळेतल्या सगळ्या पोरांना एकाच मापाची चप्पल.

ह्या टॅलबॉटचा स्ट्रोक 140 मिलिमीटर. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली, म्हणजे 28 सेंटिमीटर. हजार फुटांना साधारण 1,090 फेरे पुरतात. तेवढ्यावर ही गाडी नुसती घुटमळेल.

हँडल फिरलं! कानांवर हात ठेवा. आवाज कानांत नाही, बरगड्यांत शिरतो. दात एकमेकांवर वाजतात. गाडी तुमच्यासमोरून सुटते, काँक्रीटचे सांधे टायरखाली थाडथाड करतात, आणि ती रेल्वेरुळांच्या बाजूच्या सरळ पट्ट्यावर लहान लहान होत जाते.

ती परत येईपर्यंत दीड मिनिट आहे. तेवढ्यात तुम्हीच पिस्टन व्हा. खोली वीतभरही उंच नाही. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेतंय असं धरा. तुमची सरासरी चाल सेकंदाला 14 मीटर, मिनिटाला 2,750 फुटांहून जास्त. आकडा सोसवण्यासारखा वाटतो ना? पण तुम्हाला सेकंदात शंभर वेळा पूर्ण थांबून उलट फिरायचंय. मधोमध तुम्ही 22 मीटरने धावत असता, टोकाला शून्य. वरच्या टोकाला हिसका एवढा, की तुमचं वजन सातशे पटींहून जास्त होतं. डोक्यावर स्फोट, पायात कनेक्टिंग रॉड, बाजूंना तापलेली भिंत, आणि मधे ते एरंडेल. चाल दुप्पट केलीत तर हिसका चौपट. म्हणून मोटारवाले इंजिनाची जिद्द ह्या सरासरी चालीवर तोलतात. फेरे थोडे असले तरी लांब स्ट्रोकचा पिस्टन तितकाच रेटला जातो. घरची मारुती 800 आठवते? 72 मिलिमीटरचा स्ट्रोक, 5,500 फेऱ्यांना सेकंदाला 13.2 मीटर. तिच्या पिस्टनची आणि ह्या पिस्टनची नाडी जवळजवळ एकच.

हिसक्याचा भार कमी करायचा सोपा उपाय म्हणजे पिस्टन हलका करायचा. ह्याच वर्षी फ्रान्समधल्या एका मोटार कारखान्यात बेंटली नावाच्या तरुणाला टेबलावर ॲल्युमिनियमचं पेपरवेट दिसेल आणि त्यावरून त्याला पिस्टन सुचेल. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या वस्तूतून!

बाहेर या, गाडी आली. गेलीसुद्धा. पुन्हा आली. सात-आठ फेऱ्यांनंतर तुम्ही तिला न बघता ओळखता. आवाज एका सुरात असेपर्यंत सगळं ठीक. मेकॅनिक घड्याळाकडे बघत नाही, मान तिरकी करून ऐकतो. तुम्हीही तसंच करता. साडेसदतीसएक फेऱ्या. मग आकडा येतो: तासात 103 मैल 1,470 यार्ड.

टोप्या उडतात. लँबर्ट तेलाने माखलेल्या चेहऱ्याने उतरतो. सगळे बॉनेटभोवती जमतात, पितळेवर थापा मारतात, त्या पंचवीस अश्वशक्तीवरून हसतात. पिस्टन टिकले!

तुम्हाला मात्र पुढचं माहीत आहे. ऑक्टोबर सरताना, ह्याच काँक्रीटवर, दुसऱ्या प्रयत्नात टायर फुटणार आहे आणि हा माणूस त्यात जाणार आहे. गर्दीला पाठ करून तुम्ही उकिडवे बसता आणि चाकाच्या रबरावर तळहात टेकवता. चटका बसतो.