एका गाऱ्हाण्याचा इतिहास

रात्रीं दीड वाजतां आमच्या बैठकीच्या खोलींतून "चोर! चोर!" अशी आरोळी ऐकूं आली, तेव्हां सौभाग्यवती दचकून उठल्या आणि आम्ही अंधारांत काठी शोधूं लागलों. चोर घरांत शिरला नव्हता. तो स्पेन देशांत एका हिरवळीवर, तोंडांत शिटी धरून उभा होता. आमचा भाचा शिक्षणासाठीं पुण्यास आमच्याकडे राहतो, आणि बार्सिलोनाच्या फुटबॉल क्लबाचा तो एकनिष्ठ पाठीराखा आहे. त्या शहराचें त्यानें कधीं दर्शन घेतलें नाहीं, तेथील भाषेचा एक शब्द त्याला येत नाहीं. परंतु पंचांनीं त्या क्लबावर केलेल्या अन्यायांची यादी त्याला घरच्या श्राद्धतिथींहून अधिक पाठ आहे.

ह्या यादींतील पहिलें कलम त्याला आम्हींच सांगितलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. इतिहास शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं त्याला गोष्ट रंगवून सांगण्याचा मोह आवरत नाहीं. मुलगा चौदा वर्षांचा असतांना एका सुटींत आम्हीं त्याला ६ जून १९७० ची हकीकत सांगितली. ती खरी होती. पण ती अर्धी होती, आणि उरलेली अर्धी सांगावयाचें आमच्याकडून राहून गेलें.

त्या दिवशीं बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर रेआल माद्रिद ह्या संघाशीं सामना होता. स्पर्धेचें नांवच 'जनरलिसिमोचा चषक' असें होतें. यादवी युद्ध जिंकून १९३९ पासून ज्यानें स्पेनवर एकछत्री अंमल चालविला, त्या जनरल फ्रँकोची ही पदवी. उपान्त्यपूर्व फेरीचा हा दुसरा सामना. पहिला माद्रिदनें आपल्या घरीं दोन गोलांनीं जिंकला होता. मध्यंतरापूर्वीं रेशाकनें गोल केला आणि उणीव भरून निघण्याची आशा मैदानभर पसरली. उत्तरार्धांत माद्रिदचा वेलास्केस चेंडू घेऊन सुटला असतां बार्सिलोनाच्या रिफेनें त्याला पाडलें. पाडलें हें निःसंशय. पण कोठें? पेनल्टीच्या चौकटीबाहेर, आणि तेंही बोटभर नव्हे. लांबच्या प्रेक्षकालाही दिसावें इतकें बाहेर. पंच एमिलिओ गुरुसेता, तिशीही न गाठलेला तरुण, बराच मागें राहिला होता. त्यानें धांवत येऊन पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखविलें.

अमान्सिओनें गोल केला. बार्सिलोनाचे खेळाडू मैदान सोडून चालूं लागले. त्यांचे इंग्लिश शिक्षक विक बकिंगहॅम ह्यांनीं त्यांची समजूत घालून त्यांना परत धाडलें. एलादिओ नांवाच्या खेळाडूनें पंचाला टोमणा मारला, त्याला बाहेर काढण्यांत आलें. मग प्रेक्षक, दगडी पायऱ्यांवर बसावयास घेतलेल्या उशा खालीं भिरकावूं लागले. शेंकडों उशा, हजारों उशा. अखेर पांचएक मिनिटें उरलीं असतां जमाव मैदानांत घुसला आणि सामना तेथेंच संपला. गुरुसेताला पुढें सहा महिने पंचाचें काम करण्यास बंदी झाली, म्हणजे त्याची चूक अधिकाऱ्यांनीं एका परीनें पदरांत घेतली. निकाल मात्र बदलला नाहीं. माद्रिदनें तो चषक जिंकला, आणि त्याचा अंतिम सामना तीन आठवड्यांनीं कोठें झाला म्हणाल तर त्याच कॅम्प नोऊवर!

उशी फेंकणाऱ्या माणसाच्या मनांत केवळ रिफे आणि वेलास्केस नव्हते. बार्सिलोना ही कॅटलोनियाची राजधानी. तिची भाषा निराळी, अभिमान निराळा. १९२५ मध्यें क्लबाच्या जुन्या मैदानावर स्पेनच्या राष्ट्रगीताच्या वेळीं प्रेक्षकांनीं शिट्या वाजविल्या, म्हणून प्रिमो दे रिवेराच्या सरकारनें मैदान सहा महिने बंद ठेवण्याचा हुकूम सोडला आणि क्लबाचे संस्थापक गाम्पर ह्यांना अध्यक्षपद सोडावें लागलें. १९३६ च्या ऑगस्टमध्यें क्लबाचे अध्यक्ष जोसेप सुन्योल ह्यांना फ्रँकोच्या सैनिकांनीं माद्रिदजवळच्या डोंगरांत चौकशीवांचून गोळी घातली. युद्ध संपल्यावर कॅटलन भाषा कचेरींतून आणि शाळेंतून हद्दपार झाली, आणि क्लबाचें नांवसुद्धां स्पॅनिश वळणाचें करण्यांत आलें. १९४१ पासून देशांतील सर्व खेळ फलांगे ह्या सरकारी पक्षाच्या एका खात्याखालीं गेले आणि त्या खात्यावर जनरल मोस्कार्दो हा युद्धांत गाजलेला सेनापति बसला. जेथें वर्तमानपत्रांवर पहारा, सभेला बंदी आणि खुली निवडणूक नाहीं, तेथें एका माणसाला लाखभर लोकांनीं तोंडावर "तूं अन्याय केलास" असें म्हणावें, ही सोय फक्त फुटबॉलच्या मैदानावर उरली होती. मंत्र्यावर उशी फेंकतां येत नाहीं. पंचावर येते.

येथवर सांगून आम्ही थांबलों होतों, आणि भाच्याचे डोळे चमकले होते. पुढचें जें सांगितलें नाहीं तें असें.

फ्रँकोच्या राजवटीच्या पहिल्या चौदा वर्षांत रेआल माद्रिदनें स्पेनची लीग स्पर्धा एकदांही जिंकली नाहीं. त्यांचें युद्धोत्तर पहिलें विजेतेपद १९५४ चें. तोंपर्यंत बार्सिलोनानें १९४५, १९४८, १९४९, १९५२ आणि १९५३ अशीं पांच विजेतेपदें घरीं नेलीं होतीं. हुकूमशहाला पंचांकरवीं एखाद्या संघाला वर चढवावयाचेंच असतें, तर त्यानें इतका उशीर कां लावला, ह्या प्रश्नाचें सरळ उत्तर मिळत नाहीं. १९४३ च्या चषक स्पर्धेंत बार्सिलोना आपल्या घरीं ३-० जिंकून माद्रिदमध्यें ११-१ असा हरला, ही गोष्ट प्रत्येक पाठीराख्यास मुखोद्गत आहे. सामन्यापूर्वीं पोलिसांचा एक बडा अधिकारी खेळाडूंच्या खोलींत येऊन धमकावून गेला असें सांगतात. तो कोण होता आणि नेमकें काय बोलला ह्याविषयीं संशोधकांत एकमत नाहीं. त्या रणधुमाळीनंतर पद सोडावें लागलें तें मात्र दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांना, हें पाठीराख्यांच्या कथेंतून बहुधा गळतें.

आम्हांला ह्यांत कालगणना अधिक महत्त्वाची वाटते. १९६० नंतर थेट १९७४ पर्यंत बार्सिलोनाला लीग मिळाली नाहीं. ह्याच चौदा वर्षांत माद्रिदनें ती वारंवार जिंकली. १९४३ ची आठवण तीस वर्षांनीं अधिक ठसठशीत झाली, १९७० ची पेनल्टी दंतकथा झाली, तीं ह्या दुष्काळांत. विजयाच्या दिवसांत माणूस पंचाचें नांवही विचारीत नाहीं.

आणि माद्रिदवाले? त्यांचेंही गाऱ्हाणें आहे, आणि तें जुनें आहे. युरोपचा चषक लागोपाठ पांच वर्षें जिंकल्यावर १९६० च्या नोव्हेंबरांत त्यांना त्या स्पर्धेंत पहिल्यानें बाहेर घालविलें तें बार्सिलोनानें. पंच दोन्ही वेळां इंग्लिश. पहिल्या सामन्यांत आर्थर एलिस ह्यांनीं सीमापंचाचें निशाण वर असतांना बार्सिलोनाला पेनल्टी दिली. दुसऱ्यांत रेग लीफ ह्यांनीं माद्रिदचे अनेक गोल रद्द ठरविले. बार्सिलोनाच्या यादींत हा सामना पराक्रम म्हणून नोंदलेला आहे, माद्रिदच्या यादींत दरोडा म्हणून. फ्रँकोचा हात इंग्लंडपर्यंत पोहोंचत नव्हता, एवढें तरी उभयतांना मान्य असावें.

गुरुसेताचें पुढें काय झालें हें मात्र कादंबरींतही खपलें नसतें. १९८४ मध्यें युएफा चषकाच्या उपान्त्य फेरींत बेल्जियमचा अँडरलेख्ट आणि इंग्लंडचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्यांच्या दुसऱ्या सामन्यास तोच पंच होता. पहिला सामना फॉरेस्टनें २-० असा जिंकला होता. दुसऱ्यांत अँडरलेख्टला एक संशयास्पद पेनल्टी मिळाली, फॉरेस्टचा अखेरच्या क्षणींचा गोल नाकारला गेला, आणि ३-० अशा जयानें बेल्जियन संघ अंतिम फेरींत गेला. १९८७ मध्यें गुरुसेता मोटार-अपघातांत वारला. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९९७ मध्यें, अँडरलेख्टच्या तत्कालीन अध्यक्षांनीं त्याला दहा लाख बेल्जियन फ्रँक दिले होते हें उघड झालें. क्लबाचें म्हणणें, तें कर्ज होतें. मधल्या काळांत स्पेनमधील एका क्रीडापत्रानें उत्तम पंचास द्यावयाच्या पारितोषिकाला गुरुसेताचेंच नांव दिलें होतें!

हें ऐकतांच भाचा म्हणेल, "पाहा मामा, सिद्ध झालें कीं नाहीं!" परंतु सिद्ध झालें तें १९८४ चें. पैसे बेल्जियमचे होते, माद्रिदचे नव्हते. आणि चौदा वर्षांनंतरच्या पापानें आधींची चूक लबाडी ठरत नाहीं, एवढें तर्कशास्त्र आम्ही वर्गांत शिकवितों. मागें राहिलेला, दमलेला, घाबरलेला तरुण पंच चुकूं शकतो. पंचांचा कल कोणीकडे झुकतो ह्याचा शोध लुईस गारिकानो ह्या स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञानें दोन सहकाऱ्यांसह घेऊन २००५ मध्यें प्रसिद्ध केला. स्पेनच्याच लीगचे सामने त्यांनीं तपासले. यजमान संघ एका गोलानें मागें असला तर पंच अखेरीस जी वाढीव वेळ देतात, ती तो एका गोलानें पुढें असतांना दिलेल्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट भरते. म्हणजे पंच झुकतो खरा, पण झुकतो तो जवळ ओरडणाऱ्या जमावाकडे. ह्या न्यायानें पाहिलें तर कॅम्प नोऊवर यजमानांच्या विरुद्ध बोट दाखविणारा गुरुसेता त्या दिवशीं फारच उलट्या चालीचा पंच होता.

आतां ज्या भागाकडे येण्यास आमचें मन घेत नव्हतें तो भाग. २०२३ च्या फेब्रुवारींत बातमी फुटली कीं, स्पेनच्या पंच-समितीचे जे उपाध्यक्ष १९९४ पासून २०१८ पर्यंत त्या पदावर होते, त्या एन्रीकेस नेग्रेइरा ह्यांच्या कंपन्यांना २००१ ते २०१८ ह्या काळांत सत्तर लाख युरोंहून अधिक रक्कम पोंचविण्यांत आली होती. देणारा क्लब बार्सिलोना. क्लबानें सांगितलें कीं, हे पैसे पंचांविषयींच्या अहवालांसाठीं होते. सरकारी वकिलांनीं मार्चमध्यें फिर्याद दाखल केली आणि रेआल माद्रिदनें त्या खटल्यांत आपणांस अन्यायग्रस्त पक्ष म्हणून नोंदवून घेतलें. एखादा विशिष्ट सामना त्या पैशांनीं फिरला असें आम्ही म्हणत नाहीं. तें ठरविणें न्यायालयाचें काम. पण अर्धें शतक ज्यानें पंचांच्या पक्षपाताचें दुःख उराशीं बाळगलें, त्यानेंच पंचांच्या उपाध्यक्षाच्या दारीं सतरा वर्षें पैशाची थैली पोंचवावी, आणि तीही मुकाट्यानें, हें दुःखाचें औषध खासच नव्हे.

त्या वर्षीं भाचा नुकताच आमच्याकडे राहावयास आला होता. बातमी वाचून तो दोन दिवस जेवतांना बोलला नाहीं. निळा-तांबडा सदरा दोरीवरून काढून त्यानें कपाटांत तळाशीं ठेवला. तिसऱ्या दिवशीं आमच्या टेबलाशीं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मग १९७० चें काय? तेंही खोटेंच कां?" वर्गांत आम्हांला इतका अवघड प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. आम्हीं सांगितलें कीं तें खोटें नाहीं. रिफेनें वेलास्केसला चौकटीबाहेर पाडलें होतें, सुन्योल ह्यांना गोळी घातली होती, क्लबाचें नांव बदललें होतें. ह्यांतलें कांहींही २०२३ सालच्या बातमीनें पुसलें जात नाहीं. आणि ती बातमीही १९७० च्या पेनल्टीनें पुसली जात नाहीं. दोन्ही एकाच वहींत लिहावीं लागतात. त्याचें समाधान झालें असें वाटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नव्हतें, कारण पांच वर्षांपूर्वीं त्या सुटींत वहीचें एकच पान त्याच्या हातीं देणारे आम्हीच.

स्पेनच्या लीगमध्यें २०१८ च्या हंगामापासून पंचाच्या मदतीला चित्रफीत आली. तंटे मिटतील अशी पुष्कळांची अटकळ होती. २०२५ च्या फेब्रुवारींत एस्पान्योल संघाकडून हरल्यावर रेआल माद्रिदनें फुटबॉल संघटनेस लांबलचक पत्र लिहून तेथील पंचव्यवस्थेची विश्वासार्हता पार गेली असल्याची तक्रार केली. ज्यांना राजाश्रयाचे लाडके म्हणून सत्तर वर्षें हिणविलें, त्यांचेंच हें पत्र! भाच्यानें तें आम्हांला मोठ्यानें वाचून दाखविलें आणि पोट धरून हंसला. सदरा त्याच आठवड्यांत कपाटांतून बाहेर आला.

परवां पुन्हां रात्रीं दीडला उजेड दिसला म्हणून आम्ही बाहेर येऊन त्याच्याशेजारीं बसलों. बार्सिलोनाला पेनल्टी मिळाली होती, आणि पडद्यावर ती झटापट चार कोनांतून, संथ गतीनें, पुन्हां पुन्हां दाखवीत होते. आम्हीं चष्मा पुसला आणि विचारलें, "कां रे, त्याचा पाय खरोखर लागला होता कां?"

पडद्यावरची नजर न काढतां तो म्हणाला, "मामा, उशीर झाला आहे. तुम्ही झोपा आतां."