एक रुपया फी घेणारा डॉक्टर मुख्यमंत्री झाला, अन् त्याची योजना महाराष्ट्रातही आली

अपघात झाला की आपण १०८ फिरवतो. मोठं ऑपरेशन निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "रेशन कार्ड काढा, योजनेत बसतंय का बघू." या दोन्हींचा माग काढला की आपण आंध्र प्रदेशातल्या एका डॉक्टरपर्यंत पोहोचतो. डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी, म्हणजेच वायएसआर.

दवाखान्यातून विधानसभेत

जन्म ८ जुलै १९४९, कडप्पा जिल्ह्यातला. एमबीबीएस केलं गुलबर्ग्यातून. १९७३ मध्ये पुलिवेंदुला इथं त्यांनी वडिलांच्या नावानं ७० खाटांचं धर्मादाय हॉस्पिटल काढलं. फी नाममात्र असल्यानं 'एक रुपयाचा डॉक्टर' अशी ओळख झाली. १९७८ मध्ये ते पुलिवेंदुलातून आमदार झाले. पुढं सहा वेळा विधानसभा, चार वेळा लोकसभा. एकही निवडणूक हरले नाहीत.

तरी मुख्यमंत्रिपदाला २६ वर्षं लागली. २००३ च्या भर उन्हाळ्यात त्यांनी चेवेल्लापासून इच्छापुरमपर्यंत सुमारे १,४७५ किलोमीटरची पदयात्रा काढली. २००४ मध्ये काँग्रेसची सत्ता आली आणि वायएसआर मुख्यमंत्री झाले.

आरोग्यश्री नेमकी काय होती?

उपचारांसाठी मदत मागणारे अर्ज मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे ढिगानं येत होते. त्यातून एप्रिल २००७ मध्ये तीन जिल्ह्यांत 'आरोग्यश्री' सुरू झाली. गरीब कुटुंबाला वर्षाला २ लाखांपर्यंतचे उपचार मिळणार, तेही यादीतल्या खासगी हॉस्पिटलात आणि बिल सरकार भरणार. त्याआधी २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झालेली १०८ सेवाही याच काळात राज्यभर पसरली.

२०१२ मध्ये महाराष्ट्रानं याच धर्तीवर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणली. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १०८ आपल्याकडं २०१४ मध्ये आली.

मग टीका कशावर?

सिंचन प्रकल्पांच्या कंत्राटांवरून त्यांच्या सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप झाले. आरोग्यश्रीबद्दलचा आक्षेप मात्र वेगळा होता. हृदयाचं ऑपरेशन योजनेत बसायचं, पण ताप, बीपी, शुगरची रोजची गोळी बसत नव्हती. सरकारी पैसा मोठ्या खासगी हॉस्पिटलांकडं वळला आणि गावातलं आरोग्य केंद्र मागं पडलं, असं टीकाकार म्हणत.

म्हणजे डॉक्टर वायएसआर पुलिवेंदुलात रुपयात जे पेशंट तपासायचे, त्यातले बहुतेक मुख्यमंत्री वायएसआर यांच्या योजनेबाहेरच राहिले असते.

२००९ मध्ये ते पुन्हा निवडून आले. २ सप्टेंबर २००९ रोजी नल्लमलाच्या जंगलात हेलिकॉप्टर कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

योजना टिकली. ऑपरेशनच्या बिलापायी जमीन विकायची वेळ अनेक घरांवर आली नाही, हे तिचं यश. पण माणूस ऑपरेशनपर्यंत पोहोचूच नये यासाठी गावात डॉक्टर हवा, हा प्रश्न आंध्रात होता तसा आपल्याकडंही आहे.